मोसे खोऱ्यातली जुळवणी

मुळशीत पावसाळ्याचे चार महिने लाकूड स्वस्थ नसतं. दारं चौकटीत अडकतात, कपाटाचे खण ओढून निघत नाहीत, पाट-पोळपाटांवर पांढरी बुरशी धरते. लवासात तर ढग थेट घरात येतात. दासवे गावच्या डोंगरउतारावर, वरसगाव धरणाच्या फुगवट्याच्या काठी वसवलेली ही पिवळ्या-तांबड्या इमारतींची वस्ती सह्याद्रीच्या अशा ओळीत आहे, जिथे अरबी समुद्रावरून आलेला ढग पहिल्यांदा अडतो. २५ जुलै २०२४च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि लवासात साडेचारशेच्या आसपास. त्याच पावसात इथे दरड कोसळून दोन बंगले गाडले गेले.

अशा हवेच्या गावात मी सुट्या भागांच्या किटमधून इलेक्ट्रिक गिटार जुळवायला घेतली. मला त्याआधी सुतारकामही येत नव्हतं आणि डाग देणं, म्हणजे सोल्डरिंगही. या लेखात माझ्या गिटारपेक्षा त्या कामाबद्दलच अधिक सांगायचं आहे, कारण इलेक्ट्रिक गिटारबद्दलची आपली समजूत बहुतेक विजेपाशी थांबते. प्रत्यक्षात तिची वीज एका दुपारी जोडून होते. वेळ जातो तो लाकडाला तारेचा ताण आणि गावची हवा सोसायला शिकवण्यात. हे काम कोणताही कारखाना तुमच्यासाठी पुरं करून पाठवू शकत नाही.

खोक्यात काय येतं ते आधी सांगते. बासवुड नावाच्या मऊ, फिकट लाकडाची कोरलेली बॉडी. मेपलची नेक, तिच्यावर चिकटवलेली गडद फिंगरबोर्डची पट्टी आणि त्यात ठोकलेले २१ किंवा २२ फ्रेट, म्हणजे धातूचे पडदे. तीन पिकअप बसवलेली प्लॅस्टिकची पाटी. ब्रिज, सहा ट्यूनिंग की, स्क्रूंची पुडी, तारा. बॉडीला रंग नसतो. नेकचा माथा बहुधा चौकोनी ठेवलेला असतो, तो आपल्या मनाजोगता कापायचा. किटमध्ये पैसे वाचत नाहीत, हे नवशिक्याने आधीच समजून घ्यावं. त्याच किमतीच्या आसपास वाजवायला तयार असलेली गिटार दुकानात मिळते. किट घ्यायचं ते वाद्य आतून कळावं म्हणून.

अशी गिटार सुट्या भागांत येऊ शकते याचं श्रेय कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर या माणसाला जातं. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तेव्हा तिची नेक सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बॉडीला आवळली. तोवरच्या गिटारकारांना हे सुतारकामाला न शोभणारं वाटलं. फेंडरच्या डोक्यात दुरुस्ती होती: नेक खराब झाली तर काढायची, दुसरी लावायची, वादकाने त्याच संध्याकाळी कार्यक्रमाला जायचं. त्याची पहिली गिटार पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. आज जगभर विकली जाणारी बहुतेक किटं या दोघींच्याच आराखड्यावर आहेत. त्या चार स्क्रूंमुळे सत्तर वर्षांनंतर सह्याद्रीतल्या एका सज्जात नवखा माणूसही ती जोडू शकतो.

आपल्याकडे या वाद्याची सुरुवात अधिक एकाकी होती. व्हॅन शिपले हे नाव जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांना माहीत असेल. लखनौहून मुंबईत आलेल्या या कलावंताने स्वतःच्या कल्पनेने आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार घडवून घेतली आणि तिच्यावर हिंदी चित्रपटगीतांच्या धुना वाजवल्या. पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्याबरोबरची त्यांची जोडी गाजली. तेव्हा परदेशी वाद्य आणणं महाग आणि कटकटीचं. मुंबईत धोबी तलावावर १८६५ पासून चालत आलेल्या फुर्तादोसारख्या पेढ्या होत्या, पण शिपलेंना हवं होतं ते वाद्य कोणत्याच दुकानात नव्हतं. सहा तारांच्या पाश्चात्त्य वाद्याला आपल्या रागसंगीताची आस लावायची तर तारा वाढवाव्या लागणार, हे त्यांनी ओळखलं. वाद्य आहे तसं न स्वीकारता आपल्या कानाला जुळवून घेण्याची ही वृत्ती मला फार महत्त्वाची वाटते.

किट उघडल्यावर पहिलं काम हत्यार उचलण्याचं नाही, मोजण्याचं आहे. या गिटारचं स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या माथ्यापाशी तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. बारावा फ्रेट तिच्या बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर यायला हवा, कारण तार निम्मी केली की सूर एक सप्तक वर जातो. मधल्या बारा पडद्यांची अंतरं समान नसतात. प्रत्येक फ्रेटवर उरलेली लांबी आधीच्या लांबीला १.०५९४६ ने भागून मिळते. हा आकडा म्हणजे दोनचं बारावं मूळ. सतारीचे पडदे सरकवून रागाप्रमाणे लावता येतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले, एकदाच ठरलेले. म्हणून ब्रिजची जागा चुकली तर प्रत्येक सूर बेसूर होतो आणि नंतर कितीही पिळा, सुधारत नाही. बाराव्या फ्रेटपासून पहिल्या तारेखालच्या घोडीचं अंतर ३२४ मिलिमीटर धरायचं. जाड सहाव्या तारेची घोडी तीन-चार मिलिमीटर मागे न्यायची, कारण जाड तार दाबली की तिचा सूर जास्त चढतो.

दुसरी रेघ मध्याची. नेक खाचेत नुसती ठेवायची, स्क्रू न लावता, आणि दोन्ही कडेच्या तारांच्या जागी शिवणकामाचा दोरा नटपासून ब्रिजपर्यंत ताणायचा. दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर राहिले तर नेक सरळ आहे. दोऱ्याची ही परीक्षा मला फार आवडली. हीच परीक्षा गवंडी भिंतीला लावतो. नेक खाचेत हलत असेल तर मेपलचा पातळ पापुद्रा कडेला बसवायचा. कागद कोंबायचा नाही. मग भोकं पाडायची, स्क्रूच्या जाडीपेक्षा बारीक, आणि स्क्रूला साबण चोळायचा. मेपल कठीण असतं. कोरडा स्क्रू अर्ध्यावर तुटला तर त्याचं डोकं हातात येतं आणि बाकीचा लाकडातच राहतो.

लवासात राहून हे काम करण्यात एक गोष्ट आपोआप शिकायला मिळते: कशासाठी कुठे जायचं. शहर म्हणून आखलेली ही वस्ती २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने थबकली, २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. इथे विद्यार्थी आहेत, पर्यटक आहेत, पण डाग द्यायची तार हवी असेल तर घाट उतरून पुण्याला जावं लागतं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात पॉट (आवाज कमी-जास्त करायचे फिरते रोधक), कपॅसिटर, शिल्डिंगची तांब्याची पट्टी, सगळं मिळतं. टिंबर मार्केट भवानी पेठेत. पॉलिश पेपर मात्र पिरंगुटला. खेप वाचवायची तर आधी यादी नीट करावी लागते, आणि यादी करताना वाद्याचा एकेक भाग समजत जातो.

घासणं १२० नंबरच्या कागदापासून सुरू करून ३२० पर्यंत न्यायचं, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. बासवुड मऊ असल्याने नखाचाही ठसा उठतो. हे झालं की रंग. पावसाळ्याची गोष्ट इथे येते. आमच्या इमारतीत फर्निचरचं काम करायला मोसे खोऱ्यातले एक मिस्त्री येतात. त्यांना मी बॉडी दाखवली आणि लॅकरचा फवारा मारायचा म्हटलं. त्यांनी बॉडी हातात तोलली, अंगठा फिरवला.

‘‘ताई, दसऱ्यापर्यंत थांबा. आत्ता मारलंत तर पांढरं पडंल.’’

‘‘घरातच मारायचंय, मिस्त्री. पाऊस लागणार नाही.’’

‘‘पाऊस न्हाई हो. हवाच पाणी हाय.’’

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो. दमट हवेतलं बाष्प त्या थंड पृष्ठभागावर दवासारखं जमतं आणि ओल्या थरात अडकून तो दुधाळ होतो. चपड्याचं, म्हणजे स्पिरीटमधल्या लाखेचं पॉलिश मारलं तरी तीच गत. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर घातलं तर थोडं निभावतं, पण ते औषध झालं, पथ्य नव्हे. नेकच्या मागच्या बाजूलाही हाच नियम. पॉलिश न लागलेलं मेपल पावसाळाभर उघडं ठेवू नये, म्हणून ती मी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद पेटीत ठेवली.

लाकूड हवेशी किती बांधलेलं असतं, याचे आकडे ठरलेले आहेत. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी राहतं. ९० टक्के आर्द्रतेत ते २० टक्क्यांवर जातं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, म्हणून फ्रेटची अंतरं सलामत राहतात. ते फुगतं रुंदीत. फिंगरबोर्ड शेवटच्या फ्रेटपाशी साधारण ५६ मिलिमीटर रुंद असतो. पावसाळ्यात फुगलेली ही पट्टी मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात आक्रसते. फ्रेटचा धातू आक्रसत नाही. मग फ्रेटची टोकं लाकडाच्या कडेबाहेर डोकावतात आणि हात सरकवताना तळव्याला करवतीसारखी लागतात. दमट गावात बनलेल्या गिटारला हा रोग पहिल्या उन्हाळ्यात होतो. कारखाना लाकूड भट्टीत सुकवतो, पण पुढे ते कोणत्या खोऱ्यात जाणार हे त्याला ठाऊक नसतं.

फिंगरबोर्डचं लाकूड बघताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण ते घरचं असू शकतं. जगभरच्या गिटारांवर ही पट्टी ज्या लाकडाची असते त्यात भारतीय रोजवुड आघाडीवर आहे, म्हणजे आपला शिसव. पश्चिम घाटात उगवणारं, जड, जांभळट तपकिरी, कापताना गोडसर वास येणारं झाड. आजोबांच्या काळातले कोरीव पलंग ज्याचे, तेच. या लाकडाने अमेरिकेत मोठं वादळ उठवलं होतं. ऑगस्ट २०११ मध्ये तिथल्या सरकारी वन्यजीव विभागाने गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर छापे घातले आणि भारतातून आलेल्या शिसव-एबनीच्या फिंगरबोर्ड-पट्ट्या जप्त केल्या. प्रश्न असा की भारताच्या निर्यात नियमांप्रमाणे हे लाकूड किती घडवलेल्या रूपात बाहेर जाऊ शकतं. २०१२ मध्ये गिब्सनने तडजोड केली, तीन लाख डॉलरचा दंड भरला, पण मुख्यतः मादागास्करच्या एबनीवरून. भारतीय लाकूड परत मिळालं. मग जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. गिटार घेऊन सीमा ओलांडणं कागदपत्रांचं काम होऊन बसलं, आणि अनेक कारखान्यांनी दुसऱ्या लाकडांकडे मोर्चा वळवला. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरात. सह्याद्रीचं झाड कापलं जातं, परदेशात पट्टी होतं, खोक्यात बसून परत सह्याद्रीत येतं. माझ्या किटची पट्टी शिसवाचीच आहे असं खोक्यावर लिहिलेलं नव्हतं, तरी तेल लावल्यावर उमटलेला जांभळा रंग पाहून मिस्त्रींनी तिला लगेच ओळखलं.

लाकडाने आवाज किती बदलतो यावर गिटारवाले रात्रभर वाद घालू शकतात. माझं मत स्पष्ट आहे: नवशिक्याने महागड्या लाकडाच्या बॉडीवर एक रुपयाही जास्त घालू नये. आवाज पकडतो तो पिकअप. चुंबकाच्या सळ्यांभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे सुमारे आठ हजार वेढे; वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तेच तत्त्व. घरात जे सापडतं त्यातूनही उत्तम गिटार होते, याचा सगळ्यात सुंदर पुरावा इंग्लंडमधला ब्रायन मे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांच्या या मुलाने वडिलांबरोबर गिटार करायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची. किड्यांनी पाडलेली भोकं त्यांनी काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. ब्रिज हलवणाऱ्या यंत्रणेत मोटारसायकलच्या झडपेच्या स्प्रिंगा, दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा, फिंगरबोर्डवरचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. ‘क्वीन’ या बँडच्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्डांवर तीच गिटार आहे. आणि त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बलसारा, १९५५ पासून शिकला तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पहिला बँडही त्याने तिथेच शाळेतल्या मित्रांबरोबर काढला. डोंगरावरच्या गावांतून वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी वाद्यांच्या नादी लागण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

वायरिंगचा भाग थोडक्यात. तीन पिकअप, पाच जागांचा स्विच, २५० किलोओहमचे पॉट, टोनसाठी एक कपॅसिटर आणि जॅक. आकृती समोर ठेवून रंगाला रंग जोडायचा. डाग देताना आधी भाग तापवायचा, मग त्यावर सोल्डर वितळवायचं. सोल्डर आधी वितळवून वर ओतलं तर सांधा दिसतो पक्का पण आतून सुटा राहतो. एक वायर मात्र कधी विसरू नये: ब्रिजपासून अर्थिंगपर्यंतची. ती नसेल तर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट अँपमधून अखंड ऐकू येतो आणि तारांना हात लावला तरी कमी होत नाही. आतल्या खाचांना तांब्याची पट्टी चिकटवली की तो बराच दबतो. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५५ मध्ये हाच त्रास मोडायला उलट्या वेढ्यांची जोडी वापरून हंबकर पिकअप बनवला. पण एकेरी पिकअपच्या आवाजात जी धार असते ती मला हवी होती, म्हणून थोडी गुणगुण मी मान्य केली.

खरं काम तारा चढवल्यावर सुरू होतं. सहा तारा सुरात आणल्या की नेकवर मिळून सुमारे ४५ किलोचा ताण येतो. नेक पुढे झुकायला बघते. आत बसवलेली पोलादी सळई, ट्रस रॉड, तिला मागे ओढते. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी किती फट राहते ते बघायचं. ती साधारण पाव मिलिमीटर हवी. यासाठी गॅरेजमधलं फिलर गेज पुरतं, टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तेच. सळई एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायची नाही, आणि फिरवल्यावर नेकला रात्रभर वेळ द्यायचा. मग फ्रेटची उंची. स्वस्त किटमध्ये दोन-चार फ्रेट तरी इतरांपेक्षा वर असतात आणि तिथे तार फरफरते. फ्रेटवर मार्करची शाई लावून सपाट पट्टीला चिकटवलेला पॉलिश पेपर सगळ्यांवरून फिरवायचा. जिथली शाई आधी जाते ते उंच. नंतर बारीक कानशीने प्रत्येक फ्रेटचा माथा पुन्हा गोल करायचा. शेवटी नटच्या खाचा, प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी.

या टप्प्यावर मला सतत मिरज आठवत राहिलं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत फरीदसाहेबांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार-तंबोरे घडवले. मुळात हे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. शस्त्रांचं काम कमी झालं तशी त्यांची नजर आणि हात वाद्याकडे वळले. सोलापूर भागातून येणारे भोपळे, तूण लाकूड, आणि शेवटी घोडीवर काढली जाणारी जवारी. जवारी म्हणजे घोडीचा माथा कानशीने इतक्या बारीक उताराचा करणं की तार सुटताना त्याला हलकी घासत जाईल आणि सुरातून सूर फुटत राहील. मोजपट्टीने जवारी निघत नाही. कारागीर एक हात मारतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एक हात मारतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किट गिटारच्या नटमध्ये खाच घालताना हातात तीच क्रिया असते. फरक एवढा की जवारीत तार घासायला हवी आणि इथे घासता कामा नये. पण दोन्हीकडे कानशीच्या शेवटच्या दोन फटक्यांवर वाद्य उभं राहतं, आणि ते फटके कुठल्याही यंत्राने आधी मारून पाठवलेले नसतात. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की किट घेणाऱ्या प्रत्येकाने मिरजेला एकदा जाऊन जवारी निघताना बघावी. कानस कधी थांबवायची हे वाचून कळत नाही.

दसरा सरल्यावर हवा कोरडी झाली आणि मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे बॉडीला रंग चढला: पातळ थर, मध्ये वाळायला वेळ, मग ८०० आणि १२०० नंबरच्या ओल्या कागदाने घासाई. त्यानंतर ट्रस रॉड पुन्हा पाव फेरा फिरवावा लागला, कारण पावसाळ्यातली नेक आणि कार्तिकातली नेक सारखी नसते. मार्चमध्ये फ्रेटची टोकं तपासून कानशीने बोथट करावी लागतील, जूनमध्ये सळई परत बघावी लागेल. हे वर्षाचं वेळापत्रक आता माझ्या वहीत आहे आणि इथल्या वसतिगृहात गिटार वाजवणाऱ्या दोन-तीन मुलांनीही ते उतरवून घेतलंय; त्यांच्या गिटारी दुकानातून तयार आलेल्या आहेत, पण हवा त्यांच्यासाठीही हीच. त्यांच्यातल्या एकीच्या गिटारचं नट पहिल्या तारेपाशी जास्त खोल गेलंय, मोकळी तार फरफरते. हाडाचं नवं नट आणायचंय, त्यात खाचा घालायचं काम तिने स्वतः करायचं ठरलंय.